देशमुखकाका आणि गंडीपेटचा रोहू

उगादीनंतरचा, म्हणजे आपल्या पाडव्यानंतरचा शनिवार. गंडीपेटच्या तलावाकाठी सहा तंबू, आणि शेवटच्या तंबूपुढे गळाची काठी उलटी धरून उभा असलेला मी… गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे, पण ते ऊन अजून डोळ्यांपुढे आहे.

नव्यानेच उघडलेल्या एका कंपनीत नोकरी लागून मी पुण्याहून हैदराबादला आलो होतो. तेव्हा अशा कंपन्या धडाधड निघत होत्या. पोराला एसी ऑफिस आणि स्वतंत्र कॉम्प्युटर मिळाला, याचं घरी केवढं कौतुक!

बरकतपुऱ्यातली माझी खोली मात्र घरच्यांपैकी कोणी पाहिली नव्हती. शुक्रवारी ऑफिसातून निघालो की सोमवारी सकाळपर्यंत माझं कोणाशी बोलणं व्हायचं नाही. रविवारी एसटीडी बूथवरून आईशी तीन मिनिटं… तीही "मजेत आहे" असं सांगण्यात जायची.

त्या सुट्टीत ऑफिसातल्या चौघांनी मासेमारीच्या कॅम्पला नावं दिली, म्हणून मीही दिलं. आयत्या वेळी चौघंही आपापल्या गावी गेले. गंडीपेटच्या बसमधून मी एकटाच उतरलो.

कॅम्पवाल्यांनी मला दुसऱ्या एका एकट्या माणसाशेजारी बसवलं. देशमुखकाका. घराणं परभणीकडचं, पण तीन पिढ्या हैदराबादेत. सत्तरीचे, काटक, डोक्यावर जुनी खाकी हॅट. मी नाव सांगितलं तर म्हणाले, "मराठी का? हौ, बरं झालं. बस. बोलू नको."

गळाच्या दोरीला एक लाल बूच बांधलेलं असतं. ते पाण्यावर तरंगतं, आणि माशाने आमिष धरलं की बुडतं. काका दर पाच मिनिटांनी विचारायचे, "बूच काय म्हणतंय?" मी सांगायचो, "काही नाही." मला वाटलं, नवशिक्याची परीक्षा चाललीय.

दुपारी लक्षात आलं… काका बुचाकडे बघतच नव्हते. त्यांची नजर बुचाच्या बरीच डावीकडे, नुसत्या पाण्यावर लागलेली होती.

"काका, तुम्हाला दिसत नाही का?" मी विचारून बसलो.

काकांनी हॅट कपाळावर ओढली. मग म्हणाले, "लांबचं नाही दिसत. रशीद सांगायचा." रशीदभाई म्हणजे त्यांचा तीस वर्षांचा सोबती. डोळे अधू झाल्यावर रशीदभाई बघायचे आणि काका ओढायचे. गेल्या मे महिन्यात रशीदभाई वारले. कॅम्पवाल्यांना डोळ्यांचं कळलं तर पुन्हा पाण्याजवळ येऊ देणार नाहीत, म्हणून काका कोणाला काही बोलले नव्हते.

त्यानंतर मी त्या बुचावरून नजर हलवली नाही.

रविवारी सकाळी आठच्या सुमाराला बूच एकदा थरथरलं, आणि गपकन खाली गेलं. "काका, ओढा!" मी जवळजवळ किंचाळलोच. पुढची वीस मिनिटं मी नुसता ओरडत होतो… डावीकडे, सोडा, आता उजवीकडे… आणि काका काठी सांभाळत होते. शेवटी जाळीत आला तो चार किलोचा रोहू.

सगळा कॅम्प बघायला जमला, पाठ थोपटून गेला. मग आम्ही दोघंच उरलो, आणि मधे तो मासा.

माझी घरमालकीण शुद्ध शाकाहारी. काका एकटेच राहायचे, दोघी मुली लग्न होऊन दूर गेलेल्या. एवढा मासा न्यायचा कोणाकडे? "मासा नेहमी रशीदच्याच घरी जायचा. भाभी करायच्या," काका म्हणाले. "पण आता कोणत्या तोंडाने जाऊ?"

मग त्यांनी सांगितलं. रशीदभाई गेले त्या दिवशी इथेच बसलेले असताना रशीदभाई म्हणाले होते, छाती भरून आलीय, निघू या. काका म्हणाले, अजून अर्धा तास बस… दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मयतीनंतर काका त्या घराकडे फिरकले नव्हते.

कुठून धीर आला माहीत नाही, पण मी म्हटलं, "चला, मी येतो बरोबर."

ओल्या पोत्यात मासा गुंडाळून आम्ही दोन बस बदलून अफझलगंजला पोचलो. गल्लीतल्या एका हिरव्या दारापाशी काका थांबले. कडी मीच वाजवली.

भाभींनी दार उघडलं. साठीच्या, बारीक चणीच्या. काकांनी आत पाऊलही टाकलं नाही, उंबऱ्यापाशीच सगळं सांगून टाकलं. ते "निघू या", तो अर्धा तास, सगळं.

भाभी ऐकत राहिल्या. पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "वो बात का दुख नई है भाई साब. आप ग्यारा महीने आए नई, उसका है." आणि माशाचं पोतं काकांच्या हातातून काढून घेऊन आत गेल्या.

काका ओट्यावर बसून रडले. मी शेजारी बसलो.

तासाभराने भाभींनी जमिनीवर दस्तरखान, म्हणजे जेवायची चादर, अंथरला. चिंच घातलेला रोहूचा सालन, म्हणजे रस्सा, आणि भात. मी निघायला उठलो, तर तिथे तीन ताटं मांडलेली होती. मला त्यांनी नावही विचारलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी माझी मुंबईला बदली झाली. काकांची दोन पत्रं आली, डोळे आणखी अधू झाल्याने शेजाऱ्याकडून लिहून घेतलेली. मग तीही थांबली… मी चौकशी करायला हवी होती, केली नाही.

त्या शहरात माझ्यासाठी कोणी मांडलेलं ते पहिलं ताट. भाभी, तेव्हा मला शुक्रियासुद्धा म्हणायचं सुचलं नाही. आज म्हणतोय.