काकासाहेबांना उचलणारी यारी

कुंभार पिंपळगावच्या शिवारातल्या कितीतरी विहिरी काकासाहेब आणि कडूबाई या नवराबायकोनं खोदलेल्या. त्यांची स्वतःची यारी होती, म्हणजे विहिरीतला दगड-मुरूम वर ओढणारं इंजिनावरचं लोखंडी धूड. काकासाहेब खाली बादली भरायचे, वर कडूबाई दांडा धरून उभी. दोर कधी ताणायचा, ब्रेक कधी सोडायचा, हे तिच्या हाताला आपोआप कळायचं.

एका उन्हाळ्यात काकासाहेब कच्च्या कडेवरून पाय सटकून खाली गेले. जीव वाचला, पण कंबरेखालचं अंग गेलं. हात शाबूत, तोंड शाबूत, आणि राग पहिल्यापेक्षा दुप्पट.

तेव्हापासून कडूबाईची सकाळ दुसऱ्यांच्या हातात गेली. दांडगा गडी तो, एकटीला उचलायचा न्हाई. पलंगावरून चाकाच्या खुर्चीत घ्यायचं तर शेजारचा धाकटा दीर संपत आणि त्याची बायको शालू दोघांना यावं लागे. संपत शेतावर लवकर निघून गेला की काकासाहेब तसेच ओल्या चादरीवर पडून. कडूबाई दारात उभी राहून रस्त्याकडं बघायची. भाकरी करपायची, पण तिला चुलीपाशी बसवत नसे.

एक दिवस ती अंगणात गंजत पडलेल्या यारीपाशी गेली. पान्हा घेतला आणि तिची चाकं खोलायला बसली.

"काय करू राह्यली?" आतून काकासाहेब ओरडले.

"तुम्हाला उचलायचं बघू राह्यले."

पत्र्याच्या घराला आडवा लोखंडी गर्डर होता. त्यावर सरकेल अशी कप्पी तिनं बसवली. जुन्या मोटारसायकलचं चेनपॉकेट, म्हणजे साखळी आणि तिची दातेरी चाकं, घेतलं, भिंतीला फिरवायचा दांडा लावला. हात सुटला तरी दोर मागं फिरू नये म्हणून दातेरी चाकात अडकणारी खुटी केली. बाजारातल्या मच्छिंद्र वेल्डरनं जोडकाम करून दिलं. ताडपत्रीची झोळी तिनं घरीच शिवली. आधी झोळीत बियाण्याची पोती घातली, मग स्वतः बसून शालूला दांडा फिरवायला लावला. शेवटी काकासाहेबांना घेतलं. ते अलगद वर आले, गर्डरवरून सरकले आणि खुर्चीत बसले.

"गाळाच्या बादलीसारखं टांगलं मला," ते म्हणाले आणि तोंड फिरवलं. पण त्या दिवशी ते किती महिन्यांनी अंगणात उन्हाला बसले होते.

संपतच्या पोरानं, आर्यननं, त्याचा व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकला. मग लोक यायला लागले. पार आष्टीकडून माणसं येत, गर्डरला हात लावून बघत, "बाईनं डोकं लावलं राव," म्हणत आणि चहा पिऊन जात. काकासाहेबांकडं कुणी फारसं बघत नसे.

संपत मात्र यायचा बंद झाला. वाईटपणानं नव्हे. त्याला खरंच वाटलं की आता गरज उरली न्हाई. शालूही फिरकेना. आधी सकाळी उचलायला आलेली माणसं घटकाभर बसायची, हसणं-बोलणं व्हायचं. आता कडूबाई एकटी दांडा फिरवायची, खुटीचा कट् कट् आवाज घरभर व्हायचा, आणि तेवढाच.

त्यात लेक रेणूचं पहिलं बाळंतपण आलं. ते माहेरी व्हायचं, पण या घरात तिचं कोण करणार? ती सासरीच, हसनाबादला राहिली. मुलगा झाल्याचा फोन आला. कडूबाई शालूकडं गेली.

"दोन दिवस ह्यांच्याकडं बघशील का? नातू बघून येते."

"बाई, मला त्या मशीनचं भ्या वाटतं. सुटलं-बिटलं मंग? तुमचं तुम्हालाच जमतं बघा."

संपत म्हणाला, "वहिनी, तुम्ही इतकं बराबर करून ठेवलंय, आमची काय जरूरत?"

कडूबाई घरी आली आणि त्या दांड्याकडं बघत उभी राहिली. आपल्याच हातानं आपल्याला दावणीला बांधून घेतलं, असं तिला वाटलं. पूर्वी माणसांची वाट बघावी लागायची, आता वाट बघायलाही कुणी उरलं न्हाई.

मग तिनं दुसरा दांडा केला, पलंगाला लागून, काकासाहेबांच्या हाताशी. खुटी उचलायला एक दोरी सोडली, म्हणजे त्यांचं त्यांना खाली उतरता यावं.

काकासाहेब दांड्याला हात लावीनात.

"हात तर धड हायेत की तुमचे."

"माझा मी उचललो तर तू जाशील."

"जाईन की. नातू हाय माझा. आन परत यीन."

काकासाहेबांनी हात लांबवून दांडा धरून बघितला. दुसऱ्या सकाळी त्यांना झोळीत नीट बसवून, खुर्ची शेजारी लावून, भाकरी झाकून ती एसटीनं निघाली. रेणूच्या घरी पोचून बाळ मांडीवर घेतलं न घेतलं तोच फोन वाजला. संपत घाबरा झाला होता.

"वहिनी, दादा लटकलेत! वर गेल्ते, आता खालीच येऊ न्हाई राह्यले!"

कडूबाईच्या ध्यानात आलं. वर जाताना झोळी वळली आणि खुटीची दोरी खांद्यामागं गेली. तिनं स्वतः बसून पाहिलं तेव्हा कंबर वळवून दोरी धरली होती. काकासाहेबांची कंबर वळत न्हाई, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी ते तिच्या नजरेतून सुटलं.

"दांडा गच्च धरा, भाऊजी. आता दुसऱ्या हातानं खुटी उचला. हळू सोडा. जल्दी करू नका."

फोनवर कट् कट् ऐकू येत राहिलं. मग संपतचा श्वास, मग काकासाहेबांची शिवी. ती शिवी ऐकून कडूबाईला रडू फुटलं. संध्याकाळच्या गाडीनं ती माघारी आली.

काकासाहेब भिंतीकडं तोंड करून पडले होते. "मी बोंबललो," ते म्हणाले, "तर कितीक येळ कुणाला ऐकूच जाईना. मंग संपत आला. विहिरीत पडल्तो तवा निदान वर तू तरी होती."

तिनं दोरीला कडी बसवून ती समोर, छातीवर येईल अशी घेतली. ते तासाभराचं काम होतं. मग ती संपतकडं गेली आणि उभ्यानंच म्हणाली, "उद्यापासून रोज सकाळी यायचं. मी दांड्याला हात लावणार न्हाई, तुम्ही शिकायचं. शालूनंबी."

संपतनं मान खाली घालून हो म्हटलं. दादाला लटकलेलं पाहिल्यापासून त्यालाही घास गोड लागत नव्हता.

आता काकासाहेब आपला दांडा आपणच फिरवतात. पण जवळ कुणीतरी उभं असेल तरच. बहुतेक वेळा ती कडूबाईच असते. बारशाला मात्र ती गेली आणि दोन मुक्काम करून आली. त्याहून जास्त तिला अजून जमलेलं न्हाई.

परवा आष्टीचा राधेश्याम नावाचा माणूस आला. त्याच्या बापाला असंच यंत्र हवं होतं.

"करून देते," कडूबाई म्हणाली. "पण घरातल्या दोघांनी इथं येऊन चालवायला शिकायचं."

"माझी बायको शिकती की. तिलाच तर करायचं हाय समदं. मला टाइम कुठं?"

"मंग न्हाई देत," कडूबाई म्हणाली आणि चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला.