बॅट घेऊन पळालेला माझा नवरा

माझा नवरा माझ्याशी खोटं बोलला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच पत्रात.

आज त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. आता सांगून टाकते.

साठ-पासष्ट सालची गोष्ट. हे दुबईला तेल कंपनीच्या कँपवर किचनमध्ये, मी रत्नागिरीला. मला वाचायला कुठं धड येत होतं! शेजारणीनं मोठ्यानं वाचलं, "मी इथे साहेबांच्या टीममध्ये सॉफ्टबॉल खेळतो."

झालं. सगळ्या मोहल्ल्यात मिरवले मी.

मग बोटीनं इथे दुबईला आले. (उलट्यांचं परत कधीतरी सांगेन.) पहिल्याच शुक्रवारी म्हटलं, मला मॅच दाखवा.

यांचं तोंड उतरलं. "ऊन फार आहे गो."

"असू दे. मी काय लोण्याची आहे?"

कँपच्या गाडीत बसून बघते तर साहेब लोक खेळतायत, आणि हे बादलीतून लिंबूपाणी वाटतायत!

माझ्याकडे मान वर करून बघेचनात.

तेवढ्यात एका जाड्या इंजिनियरनं बॉल टोलवला, पहिल्या बेसवर पोचला आणि पाय मुरगळून बसला. बदली माणूस नाही.

कॅप्टन ओरडला, "हसन, यल्ला, चल! तू भाग!"

यांना वाटलं, आपल्या क्रिकेटमधला रनर. बॉल टाकायच्या आधीच लागले पुढे सरकायला.

कॅप्टन परत ओरडला, "अरे, बॉलर के हाथ से बॉल छूटने दे! नहीं तो आउट!"

बॉल सुटला आणि हे सुटले. कुणी टोला मारायच्या आत दुसरा बेस गाठला. त्याला बेस चोरणं म्हणतात. खेळात चालतं ते.

आमच्या टीमचा डाव संपला तसे गेले परत बादलीपाशी. काम झालं ना!

पण शेवटच्या डावात इंजिनियरची बॅटिंगची पाळी आली. तो लंगडत उठला, तर अंपायर म्हणे, नाही. जो बाहेर गेला तो खलास. त्याच्या जागी जो पळाला, तोच खेळणार.

जिंकायला एक रन हवा, तिसऱ्या बेसवर माणूस उभा, आणि बॅटिंगला आमचे हे!

बॅट जमिनीला टेकवून उभे राहिले. क्रिकेटसारखे. सगळे साहेब हसले.

मी नाही हसले. पदर तोंडात धरून बसले होते.

बॉल आला, यांनी सरळ ढकलला, तो बॉलरच्या दोन पायांमधून गेला! आणि हे धावले. बॅट घेऊन! बेस आला तशी लांबून बॅट टेकवली.

आउट! पाय लागतो म्हणे, बॅट नाही; तोवर बॉल बेसवर आला.

पण तेवढ्यात तिसऱ्या बेसवरचा घरी, म्हणजे होम बेसला, पोचला होता; आणि हा काही आमचा तिसरा आउट नव्हता, म्हणून रन धरला. जिंकलो!

हे धापा टाकत गाडीशी आले. बॅट अजून हातातच.

"बघितलंस गो?"

"बघितलं. पत्रात लिहिलं होतं तस्संच."

बादलीचं मी कधीच काढलं नाही. त्यांनीपण नाही. पन्नास वर्षं.

काल नातवाला सांगितलं तर म्हणतो, "दादी, बट ही वॉज आउट!"

असू दे रे. मॅच जिंकली ना!

सलाम हो, खेळाडू. आता बॅट खाली ठेवा. लिंबूपाणी मी आणते.