उभ्या यंत्राला वारा घालणारे डॉक्टर

डॉ. त्र्यंबकरावांना मी प्रथम पाहिले ते आमच्या कल्याणच्या घरी, माझ्या वडिलांच्या उशाशी. वडिलांना बरेच दिवस ताप येत होता. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पोट चाचपले आणि म्हणाले, “मला अजून कळलेलं नाही. संध्याकाळी पुन्हा येतो.” ते गेल्यावर आई माजघरातून बाहेर आली. “ज्यांना कळत नाही ते डॉक्टर कसले?” मलाही तोच प्रश्न पडला होता. पण डॉक्टर संध्याकाळी आले, दुसऱ्या सकाळी आले, ताप उतरेपर्यंत येतच राहिले. वडील खडखडीत बरे झाले. तो ताप कसला होता, हे डॉक्टरांनी कधीच सांगितले नाही, कारण ते त्यांना ठाऊक नव्हते.

तेव्हापासून आमचा स्नेह आहे. मी इथल्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो आणि डॉक्टरांना त्या विषयाची विलक्षण हौस. त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या शस्त्रक्रियांविषयी जाणकार लिहितीलच. मला त्यांच्या तीनचाकी मोटार सायकलीविषयी लिहायचे आहे. ते वाचून कोणी हसले तरी माझी हरकत नाही.

हे यंत्र त्यांना मुंबईच्या एका व्यापारी रुग्णाने दिले. घोडा म्हातारा झाल्यामुळे डॉक्टरांना खेड्यापाड्यांतून पोहोचायला उशीर होऊ लागला होता, म्हणून त्यांनी ते घेतले. पुढे दोन चाके, मागे एक. मागे चालवणारा, पुढे उतारू. डाव्या अंगाला लोखंडी नळकांडे, त्यात पेट्रोलचा भडका होतो आणि पट्ट्याने मागचे चाक फिरते. नळकांड्याला थंड करायला पाणी नाही. बाहेरून लोखंडाच्याच पातळ पाकळ्या आहेत, त्यांना वारा लागून जे निवेल तेवढेच. पेट्रोल पेटवायला शेजारी एक लहानशी ज्योत सतत जळत ठेवावी लागते. धावताना समोरचा वारा लागू नये म्हणून तिच्यापुढे एक पत्रा असे, बाजू मात्र उघड्या. ती विझली की यंत्र बंद.

पहिल्या महिन्यातच आम्ही दोघे बुचकळ्यात पडलो. टिटवाळ्यापर्यंत दौडत गेलो तरी यंत्र ठीक असे. परत आल्यावर डॉक्टर एक दांडा ओढून पट्टा सैल करीत. चाक थांबे, यंत्र मात्र जागच्या जागी फिरत राही, आणि दारात असे उभे राहिले की थोड्याच वेळात ते इतके तापे की अडखळून बंद पडे. मग पुन्हा सुरू व्हायला तासन्‌तास घेई.

“मास्तर, काम करताना तापत नाही आणि विश्रांती घेताना तापतं, हे कसं?” डॉक्टरांनी विचारले.

मी म्हणालो, “धावताना समोरून वारा लागतो. उभ्याला तो कुठून मिळणार?”

“मग वारा घालू या.”

त्यांनी स्वतः पंखा घेतला आणि पहिल्याच झपाट्याला ज्योत विझली. इथे आग जपायची आणि तिथून वीतभर अंतरावर उष्णता घालवायची, हे एकाच वेळी कसे करावे ते आम्हांला समजेना. डॉक्टरांनी पाकळ्यांमधली वाळलेली माती काडीने कोरून काढली. त्याने थोडा फरक पडला. एकदा मी ओले फडके टाकायला गेलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. “तापल्या लोखंडावर एकदम गार पाणी नको, तडकेल ते.” गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी केली, तर एक दिवस ती बरी राही, दुसऱ्या दिवशी तशीच तापे. का, ते कळेना.

अशा अवस्थेत मार्गशीर्षातल्या एका दुपारी डोंबिवलीकडच्या एका पाड्यावरून पांडू नावाचा मिठागरावरचा माणूस धावत आला. त्याची बायको हिरा सकाळपासून अडली होती. मूल आडवे होते आणि सुईणीने हात टेकले होते. डॉक्टरांनी पेटी घेतली. हाताखाली कोणीतरी हवे म्हणून मला पुढे बसवले आणि पांडूला माझ्या पायांशी.

रेल्वेच्या फाटकाशी आलो तर फाटक बंद. मालगाडी अर्धी पुढे जाई, थांबे, पुन्हा मागे येई. डॉक्टरांनी पट्टा सैल केला. वारा पडलेला होता. थोड्याच वेळात तापल्या तेलाचा वास येऊ लागला.

“बंद करू का?” डॉक्टर म्हणाले. “बंद केलं तर पुन्हा सुरू होईल की नाही, सांगता येत नाही. चालू ठेवलं तर अडकून बसेल. मास्तर, काय करू?”

“मला सुचत नाही, डॉक्टरसाहेब.”

“मलाही नाही.”

पांडू रडकुंडीला आला. “डाक्तर, उभा हाय तरी तापतय कसा?”

इतक्या घाईतही डॉक्टर त्याच्याकडे वळले. “वारा लागत नाही म्हणून, पांडोबा. पण वारा घातला तर ही ज्योत विझते.”

फाटकाजवळच्या खळ्यावर बायका भात पाखडत होत्या. पांडूने तिकडे पाहिले आणि ओरडला, “आवं, सुपा घेऊन या गो! माजी हिरा अडलीय!” बायका सुपे घेऊन धावत आल्या. डॉक्टरांनी आपली छत्री उघडून ज्योतीवर आडवी धरली आणि म्हणाले, “आता घाला वारा. फक्त या पाकळ्यांवर, छत्रीकडे नको.” चार-पाच सुपे हलू लागली. भाताचा कोंडा उडून आमच्या डोळ्यांत गेला. एक म्हातारी पुटपुटली, “आजारी मानसाला घालतान वारा, लोखंडाला घालताना नाय पाह्यला.” कोणी हसले नाही. डॉक्टरांचे मनगट पाकळीला टेकून भाजले, पण छत्री हलली नाही.

यंत्र अडखळले, सावरले, पुन्हा अडखळले. फाटक उघडले तेव्हा ते फिरत होते. पाड्याच्या अलीकडे मात्र ते थांबलेच. उरलेली वाट शेताच्या बांधावरून डॉक्टर पेटी घेऊन चक्क धावले.

आत काय झाले ते मी पाहिले नाही. मी दाराबाहेर पाणी तापवत होतो. डॉक्टरांचा शांत आवाज मधून मधून ऐकू येई, “हिराबाई, आता जोर करू नका. मी सांगतो तेव्हा.” उन्हे कलल्यावर मूल रडले. मुलगी होती. हिराबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या, पण जगल्या. डॉक्टर बाहेर आले आणि भाजलेला हात माझ्याजवळच्या गार पाण्याच्या बादलीत घालून स्वस्थ बसले.

पुढे डॉक्टरांनी ज्योतीभोवती सगळ्या बाजूंनी पत्र्याचा आडोसा करून घेतला. आता गाडी उभी करताना ते पाकळ्या पुसतात, तोंड वाऱ्याकडे करतात, थांबणे लांबणार असेल तर सरळ यंत्र बंद करतात. बहुतेक वेळा यंत्र निभावते. कधी कधी सारे करूनही तापते, आणि शाळेतली मुले विचारतात तेव्हा डॉक्टर मोकळेपणाने सांगतात, “अजून कळलेलं नाही.” त्या दिवशी सुपांनी यंत्र तारले, की छत्रीने, की फाटक वेळेवर उघडले एवढेच, हे आम्ही आजवर ठरवू शकलेलो नाही. कळत नसताना हातपाय न गाळता जे जवळ आहे ते करीत राहावे, हे मात्र मी त्यांच्याजवळ शिकलो.

डॉक्टरांनी साठी गाठली आहे. त्यांच्या हातातले कसब आणि डोळ्यांतले तेज असेच टिकून राहो, त्यांना निरोगी, भरभरून आयुष्य लाभो. आणि ज्या ज्या दारी त्यांची वाट पाहत कोणी उभे असेल, तिथे ते वेळेवर पोहोचोत, हीच प्रार्थना.