बाईले इचारून येतो

श्रावणकाकांना काहीही विचारलं की ते आधी स्वयंपाकघरात जायचे. "बाईले इचारून येतो," म्हणायचे. बाई वारल्या त्याला बरीच वर्षं झाली होती.

कॉलेजसाठी अमरावतीला आलो तेव्हा मी दादासाहेबांच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहायचो. घरात दादासाहेब आणि त्यांचं सगळं पाहणारे काका, दोघंच; बाई म्हणजे दादासाहेबांच्या पत्नी. दादासाहेबांना कुणालाच नाही म्हणता यायचं नाही. एकदा धारणीचा एक माणूस त्यांच्या गळ्यात जुनी जीप घालत होता.

"श्रावण, घेऊ का रे? हिरवी आहे म्हणून सांग तिला."

काका आत गेले, बाहेर आले. "नाही म्हनते. म्हनते, सायकलवरून उतरता येत नाही यायले, जीप कायले पायजे?"

"बरोबर आहे तिचं," दादासाहेब खिन्नपणे म्हणाले. जीपवाला गेला.

सदरा कोणता घालायचा, इथपर्यंत बाईंचा हुकूम चाले. "बाई म्हनते, लग्नाले चालले का बँडात वाजवाले?" दादासाहेब मुकाट्यानं सदरा बदलत. काका काय हुशार माणूस, असं मला वाटायचं. फोनवर आईला सांगितलं. ती हसली.

पुढे दादासाहेबांच्या छातीत दुखू लागलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. मालक घाबरले. "तिला विचार. ती म्हणेल तसं."

काका आत गेले ते येईनात. मी पाणी आणायच्या निमित्तानं डोकावलो. ओट्यासमोर चपला काढून, मान खाली घालून ते उभे होते. हळू आवाजात म्हणत होते, "बोला ना बाई. काहून बोलून नाही राहिल्या?"

त्यांनी पुन्हा तेच विचारलं, कान देऊन ऐकलं. मग त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि बाहेर जाऊन नेहमीच्या ठसक्यात सांगितलं, "हो म्हनते. अन् म्हनते, भेऊ नका."

दादासाहेब हसतच गाडीत बसले. अकोल्याहून ते परत आले नाहीत.

तेराव्यानंतर काका बार्शीटाकळीला, आपल्या गावी निघाले. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. "काका, तुम्ही त्यांच्या भल्यासाठीच सांगितलं," एवढंच कसंबसं म्हणालो.

ते माझ्याकडे पाहत नव्हते.

"आता भेटले असतीन दोघं, बाबू," ते म्हणाले. "'मी तं काईच म्हनलं नोतं,' असं सांगतलं असन बाईनं त्यायले."