उद्घाटनाला लागलेला कोरडा बर्फ

जगात काहीही नष्ट होत नाही, ते केवळ अवस्था बदलतं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवताना हे वाक्य मी दरवर्षी जरा थांबून, खिडकीबाहेर बघत म्हणायचो. तेवढ्यात मागच्या बाकावर कुणीतरी डबा उघडायचं.

माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस आणि नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन एकाच दिवशी आलं. उद्घाटनाशी मला देणंघेणं नव्हतं. मला शेवटच्या तासाला पोरांना कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, दाखवायचा होता. या स्थायूचा थेट वायू होतो, मध्ये द्रव होतच नाही, हे मी आयुष्यभर फळ्यावर बाण काढून शिकवलं. बाणावर कुणाचा विश्वास बसत नाही, हे पोरांच्या तोंडावर दिसायचं. एका तरी वर्गानं ते डोळ्यांनी बघावं, एवढीच इच्छा होती. चहाच्या टपरीवर हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं.

तो माणूस म्हणजे आमच्या कॉलेजातला इतिहासाचा शिक्षक. आमची मैत्री सत्कार समारंभांत शेवटच्या रांगेत बसून झालेली. फेटेवाल्यांकडे बघून तो हळूच म्हणायचा, "डोकं झाकायला एवढं कापड लागतंय, म्हणजे बघा." यंदा त्याला सांस्कृतिक विभागाचा प्रमुख केलं होतं. ते मी फारसं मनावर घेतलं नाही.

गडमुडशिंगीजवळच्या एका आइस्क्रीमच्या कारखान्यात माझा जुना विद्यार्थी आहे. त्यानं कोरड्या बर्फाची थर्माकोलची पेटी तयार ठेवली होती. त्या दिवशी सकाळी मित्राच्याच मोटरसायकलवरून ती आणली. पेटी माझ्या मांडीवर, मांड्या बधिर, आणि तो वाऱ्यात ओरडून विचारतोय,

"मास्तर, गरम पाण्यात टाकलं की लई धूर निघतो म्हणं?"

"धूर नव्हे, धुकं. वायू दिसतच नाही. गारठ्यानं बाष्पाचे बारीक थेंब होतात, ते दिसतात."

"आणि खालनंच पसरतं न्हवं? वर जात न्हाय?"

"हवेपेक्षा जड असतो तो. आणि हातमोजे घालावे लागतात बरं का, कातडी भाजते."

मी खुशीत होतो. इतक्या वर्षांत त्यानं माझ्या विषयातलं पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

पेटी मी जुन्या प्रयोगशाळेत ठेवली. वायू कोंडू नये म्हणून झाकण सैल ठेवलं. पाहुणे दहाला येणार होते, माझा तास अकराला होता. तासाला मी काचेच्या उंच भांड्यात लहानमोठ्या मेणबत्त्या लावल्या, चंबूच्या तोंडासाठी फुगा काढला आणि पोरांना जवळ बोलावून झाकण उचललं. आत थर्माकोलचा चुरा होता.

"सर, उडून गेलं व्हय सगळं?" मलकापूरहून एसटीनं येणाऱ्या एका मुलीनं विचारलं.

एवढ्या लवकर सगळं उडत नाही, हे मला माहीत होतं. मी खाली गेलो.

नव्या इमारतीच्या दारात लाल गालिचा, झेंडूच्या माळा घातलेलं पितळी घंगाळ, बाजूला हलगी. घंगाळातून धुक्याचे शेवटचे लोट गालिच्यावर सांडत होते. गालिच्यावर कुणीच नव्हतं. मित्र फेटा बांधून, हातमोजे घालून फाटकाकडे बघत उभा होता.

"सगळं घातलंस?"

"दहाला येतो म्हणाले होते की पावणं!" तो माझ्यावरच खेकसला. "वाट बघून बघून शेवटी घातलं. आता फाट्यावर हाईत म्हणत्यात."

"माझा तास होता."

"शेवटच्या दिवशी तोंड कशाला वाकडं करतोस, लेका? बाण काढून दाखव की. इतकी वर्षं चाललंच न्हवं?"

आसपासच्या दोघातिघांना हसू आलं. त्यांना बाणाचं काही ठाऊक नव्हतं, ते त्याच्या हसण्याला हसले.

मी वर येऊन बाण काढला. पोरांनी तो वहीत उतरवून घेतला. मेणबत्त्या मी फुंकून विझवल्या.

पाहुणे साडेबाराला आले. तोवर धुकं पार विरलं होतं आणि घंगाळातलं पाणी गार पडलं होतं. इतकं गार पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून आचाऱ्यानं ते ताकात ओतलं. भाषणात पाहुण्यांनी विज्ञानाबद्दल अवाक्षर काढलं नाही, पण जेवताना ताक दोनदा मागून घेतलं आणि त्याला जरा सोड्याची चव असल्याचं सांगितलं.