बाबांचा फोटो आणि शेणव्याचा पिनकोड

हसायचंय तर खुशाल हसा, पण चहा आधी गिळा. नाकातून आला तर मी जबाबदार नाय!

बाबांचं वर्षश्राद्ध जवळ आलेलं. आईचं एकच मागणं, "पाटावर त्यांचा फोटो पायजे रे. मोठा. तोंड नीट दिसलं पायजे."

बाबांचा धड फोटो एकच, तोही माझ्या मोबाइलमध्ये. मुरबाडला स्टुडिओ आहे की! पण मी पडलो हुशार. अ‍ॅपवरून मागवला, फ्रेम करून, चंदनी हारासकट.

तर अ‍ॅप म्हणालं, या पिनकोडवर डिलिव्हरी नाही. आमच्या वैशाखऱ्याचं नशीबच तसं! मग मी काय केलं असेल? धाकटी बहीण सुमन शेणव्याला दिलेली, शहापूरकडं. तिकडचा पिन टाकला आणि खाली गाव लिहिलं वैशाखरे. झटक्यात ऑर्डर गेली! म्हटलं, गावाचं नाव वाचता येत असेल की लोकांना.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी फोन. "दादा, पार्सल घेऊन शेणव्यात उभा हाय. ह्ये वैशाखरे कुठं आलं?"

"अरे, ते मुरबाडकडं, माळशेजच्या रस्त्याला! गाव वाचलं नाय का?"

"गाडी भरताना गाव कोण वाचतो? पिन बघतात. पिन शहापूरचा, गाडी शहापूरला. इथं आल्यावर आमी गाव वाचतो."

घ्या! "बहिणीकडं दे, मी येतो न्यायला," म्हटलं. सुमनचा फोन काही लागेना. फ्रेम बांधायला दोरी घेतली आणि बाइक काढली.

पोचतो तर काय! फोटो त्यांच्या ओटीवर टांगलेला, खाली उदबत्ती, आणि सुमनचे डोळे रडून लाल.

"दादा, तुला कसं कळलं रे? सासरी बापाचा फोटो लावा, असं कुठल्या तोंडानं बोलू? वर्षभर गप होते."

आमचे बाबा जुन्या वळणाचे. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, म्हणून तिच्या ओटीवर कधी टेकलेसुद्धा नाहीत. आणि नातवंडाआधीच गेले.

तिची सासू म्हणाली, "व्याही पयल्यांदाच आमच्याकडं आले. भाऊ असावा तर असा!"

आता सांगा, मी फोटो मागू कसा? दोरी खिशात कोंबली. "तुझ्यासाठीच पाठवला गो," म्हणालो. आणि फोटोला हात जोडले, तेवढेच काय ते खरे.

रात्री घरी पोचलो तर आई दारातच उभी. माझे रिकामे हात बघितले, सगळं ऐकून घेतलं.

"राहू दे तिथं. जित्तेपणी लेकीकडं गेले नाय."

दुसऱ्या दिवशी पाटावर नुसती सुपारी. आई तिच्याकडंच बघत बसलेली. मला मान वर करवेना.

नंतर दुसरा फोटो करून आणतो म्हटलं, तर आई ऐकत नाही. "एक माणूस दोन घरी कसा राहील?" श्राद्धानंतर फोटो टांगायला म्हणून आधीच ठोकलेला खिळा अजून भिंतीवर तसाच आहे. येणारी प्रत्येक बाई विचारते, इथं काय लावायचंय?

आई माझ्याकडं बोट दाखवते. "काय नाय गो, ह्यो आमच्या हुशाराचा फोटो."