शालनताई नाव सांगत नाहीत तोवर

हेंद्रेपाड्यात नवी बिल्डिंग उभी राहिली की तीन गोष्टी ठरलेल्या. पाण्याची बोंब, लिफ्टची बोंब, आणि पंधरा दिवसांच्या आत कोणी ना कोणी नवी बाई शालनताईंच्या दारात. दोन हजार पाच-सहा सालची गोष्ट. परळ-लालबागच्या खोल्या विकून माणसं इकडे बदलापूरला यायची, पंखे लावून होईपर्यंत खूश असायची, आणि मग लक्षात यायचं की इथे आपल्याला कुत्रंसुद्धा ओळखत नाही. दाढ दुखली तर कुठे जायचं? ब्लाउज कोणाकडे टाकायचा? साखरपुड्याला हॉल कुठला घ्यायचा? वॉचमन म्हणायचा, शालनताईंना विचारा.

शालनताई काही पुढारी नव्हत्या. नवरा हिरामण अंबरनाथला फॅक्टरीत, स्वतः बालवाडीत शिकवायच्या, रविवारी विहारात वंदनेला जायच्या. पण डोक्यात बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर ही तिन्ही गावं भरलेली. लग्नाचं कापड उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये घ्यायचं, आणि भाव ऐकला की बोलायचं नाही, नुसती पिशवी उचलायची. शेटजी स्वतः हाक मारतो. मिक्सर बिघडला तर अंबरनाथ पूर्वेला बुधाजीकडे न्यायचा, पण सोमवारी नाही, सोमवारी त्याचं डोकं ठिकाणावर नसतं. एखादीला नव्या जागेत करमत नसेल, तर संध्याकाळी नदीकडे फिरायला जाणाऱ्या बायकांच्या घोळक्यात तिला नेऊन सोडायच्या. पहिले आठ दिवस स्वतः सोबत जायच्या.

आणि त्यांचा एक नियम होता. स्वतः अनुभव घेतल्याशिवाय कोणाचं नाव सांगायचं नाही. म्हणजे नाहीच! शेजारणीच्या सासऱ्यांना दातांचा डॉक्टर सुचवायचा म्हणून या बाईने आधी आपली किडकी दाढ त्याच्याकडे जाऊन उपटून घेतली. सुजलेल्या गालाने परत आल्या आणि म्हणाल्या, जा खुशाल, हात हलका आहे. आता अशा बाईला हात जोडायचे, दुसरं काय करणार?

हा नियम एकदा त्यांच्याच माहेरावर उलटला.

त्यांचा पाठचा भाऊ मिलिंद शहाडकडच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चौदा वर्षं आचारी होता. कारखाना बंद पडला. मिलिंदने हेंद्रेपाड्यातच गाळा भाड्याने घेतला आणि पोळी-भाजी केंद्र काढलं. त्यांच्या आईच्या, कौसाबाईंच्या हस्ते फीत कापली. सगळं घर निश्चिंत होतं. ताईने चार दारांत नाव टाकलं की डबे कमी पडणार, हे काय वेगळं सांगायला हवं?

पहिल्याच दिवशी ताई तिथे जेवल्या आणि संध्याकाळी पोट फुगून बसल्या. वरणात सोडा होता. चारशे माणसांची डाळ झटपट शिजावी म्हणून कॅन्टीनमध्ये सोडा टाकायची सवय. पातेलं आता वीस माणसांचं झालं होतं, हात मात्र चारशेचाच राहिला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी भावाला एकटं गाठून समजावलं. तो तडकला. चौदा वर्षं लोक जेवले, एकानेही तक्रार केली नाही म्हणाला. त्यांना भोंगा वाजायच्या आत गिळायचं होतं, इथे म्हातारी माणसं जेवतात, असं ताईंनी सांगून पाहिलं.

"तू नुसतं नाव सांग ना, ताई," मिलिंद म्हणाला. "बाकी माझं मी बघतो."

"लोक नुसतं नाव ऐकून येत नाहीत रे. मी खाल्लंय म्हणून येतात."

झालं, बोलणं बंद. कोणी डब्याचं विचारलं की ताई सांगायच्या, अजून सांगण्यासारखं कोणी नाही. ही बातमी बिल्डिंगभर व्हायला कितीसा वेळ लागतो? बहीणच नाव घेत नाही म्हणजे पाणी मुरतंय, असं म्हणत जे चार जण जात होते तेही गळाले. भावजय संध्या फोन उचलेना. मग कौसाबाई चालत आल्या. पाण्याचा घोटही न घेता उंबऱ्यातूनच त्यांनी विचारलं, भावाचं दुकान बुडवून तुला काय मिळणार आहे? त्या दिवशी ताई पोटभर रडल्या. रडल्या, पण नाव सांगितलं नाही.

एक मात्र केलं. दर गुरुवारी बालवाडी सुटली की मिलिंदच्या गाळ्यात जायच्या, चार गिऱ्हाइकांसारखं वरण-भाताचं ताट मागायच्या, शेवटच्या शितापर्यंत जेवायच्या आणि उठायच्या. मिलिंद ताट आदळायचा. त्या जेवायच्या. दोघं एक अक्षर बोलायची नाहीत. वरण तेच, सोडा तोच. असे चार महिने! शुक्रवारी बालवाडीत ओवा चावत पोरांना अंक शिकवायच्या.

हे हिरामणला बघवेना. तसा तो अबोल माणूस, बहीण-भावाच्या भांडणात पडणारा नव्हे. पण एका शनिवारी गाळ्यावर गेला, काही मागितलं नाही, उभ्या उभ्या बोलला.

"मिलिंद, तुझी ताई दर शुक्रवारी उपाशी असते. गुरुवारचं जेवण जिरत नाही तिला. तरी येते. का येते, एवढं विचार कर."

एवढं बोलून निघून आला. घरी चकार शब्द काढला नाही.

पुढच्या गुरुवारी ताट आदळलं नाही, हळूच समोर आलं. वरणात डाळीचा कण बोटाला लागत होता, हिंगाचा वास येत होता. ताई जेवल्या. शुक्रवारी सकाळी त्यांना सपाटून भूक लागली आणि इतका आनंद झाला की बालवाडीत त्या पोरांबरोबर नाचल्या. तरीही आणखी दोन गुरुवार जाऊ दिले. एका दिवसाच्या चवीवर त्या कोणाला पाठवणार नव्हत्या.

मग तिसऱ्या मजल्यावरची सुनंदा आली. नवरा नुकताच काविळीतून उठलेला, हिला कल्याणला नोकरी, त्याला दुपारचा साधा डबा हवा होता. ताईंनी मिलिंदचं नाव सांगितलं. सुनंदा चाचरली. तिने खाली बरंच काही ऐकलं होतं.

"राग मानू नका, ताई. भाऊ आहे म्हणून सांगताय का?"

इतक्या वर्षांत त्यांना असं कोणी विचारलं नव्हतं. लागलं. पण बाईचा नवरा आजारी होता, तिने विचारायलाच हवं होतं.

"भाऊ आहे म्हणून तर चार महिने सांगितलं नाही," ताई म्हणाल्या. "आता घरचं जेवण करायला लागलाय, म्हणून सांगतेय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुनंदा पुन्हा दारात. नवरा दोन घास जास्त जेवला म्हणाली. पण तुमचे भाऊ जरा विचित्रच आहेत हां, असंही म्हणाली. शालनताईंनी पाठवलंय म्हटलं, तर ते तव्याकडे बघतच राहिले. पोळी करपून काळी झाली तरी हलेनात. मग डोळे पुसले, दुसरी पोळी टाकली आणि म्हणाले, गाळ्यात धूर फार होतो.

"हो, होतो खरा," ताई म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावत आत वळल्या.